रिपोर्टातली उजवी बाजू

टू-डी एकोच्या रिपोर्टावर एका आकड्याकडे सगळ्यांची नजर जाते : ईएफ ६० टक्के. तो वाचला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि डॉक्टरही पुष्कळदा तिथेच थांबतात. पण प्रत्येक ठोक्याला कप्पा आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो हे सांगणारा हा आकडा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा असतो. लहानपणी ज्यांच्या हृदयातला जन्मजात दोष ऑपरेशन करून दुरुस्त केला, त्यांच्यातल्या अनेकांचं दुखणं उजव्या खालच्या कप्प्यात वाढत असतं, आणि त्याबद्दल तो आकडा अक्षरही बोलत नाही. माझ्या बाबतीत बराच काळ हेच होत राहिलं. माझ्यासारखी माणसं आता गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरी विड्या वळायची. जन्मल्यापासून माझे ओठ निळसर होते. रडले की नखं काळीनिळी व्हायची, आणि चार पावलं पळाले की मी आपसूक उकिडवी बसायचे. त्या बसण्याने फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त जातं, हे मला मोठेपणी कळलं. लहान मूल ते कुणी न शिकवता करतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पोरीच्या काळजाला भोक आहे." भोक होतंच, पण त्याच्या जोडीला आणखी तीन दोष होते : फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणी छिद्राच्या डोक्यावर सरकलेली आणि या सगळ्यापायी उजवा कप्पा जाड झालेला. फ्रान्समधल्या मार्सेय गावचे डॉक्टर फॅलो यांनी १८८८ साली या चौकडीचं नीट वर्णन केलं, म्हणून तिला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात.

१९९४ साली आईवडील मला घेऊन उद्यान एक्स्प्रेसने धर्मावरमला उतरले आणि तिथून बसने पुट्टपर्तीला गेले. तिथलं सत्यसाई रुग्णालय तीन वर्षांपूर्वीच, १९९१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं आणि उपचाराचे पैसे लागत नव्हते. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. त्यामुळे डॉक्टर काय सांगतात ते आईला दुभाष्याशिवाय समजलं. तिच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. ऑपरेशन झालं, ओठ गुलाबी झाले, मी शाळेत धावू लागले. दरवर्षी दाखवायला या, असं सांगितलं होतं आणि काही वर्षं आम्ही गेलोही. मग वडिलांचा कारखाना बंद पडला. धावणाऱ्या, खिदळणाऱ्या मुलीला एवढ्या लांब कशाला न्यायचं, असं कुणालाही वाटलं असतं. माझ्या ओळखीच्या अशा बहुतेक घरांत तपासणी याच टप्प्यावर सुटलेली दिसते. मुलगा किंवा मुलगी ठणठणीत दिसते, तेव्हाच.

या ऑपरेशनमध्ये आणि त्यानंतर नेमकं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. फुप्फुसाकडची वाट फार अरुंद असली, तर सर्जनला तिथली झडप ओलांडून चीर द्यावी लागते आणि ठिगळ लावून वाट रुंद करावी लागते. मुलाचा जीव त्याने वाचतो. पण झडप मात्र कामाची राहत नाही. फुप्फुसाकडे ढकललेल्या रक्तातला बराचसा भाग प्रत्येक ठोक्याला परत उजव्या कप्प्यात येतो. तेच रक्त पुन्हा ढकलायचं, वर नवीन येतंच आहे. कप्पा ते सामावून घेण्यासाठी मोठा होत जातो, नाडीचं रबर ताणून ताणून सैल पडावं तसा. हे वीस-पंचवीस वर्षं चालतं आणि माणसाला जाणवत नाही. शेवटी फुगलेला उजवा कप्पा मधल्या पडद्याला डावीकडे दाबू लागतो, मग डावा कप्पाही थकतो. ईएफचा आकडा खाली येतो तो तेव्हा. म्हणजे ज्या आकड्यावर आपण विसंबतो, तो सगळ्यात उशिरा बोलतो.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला जिना चढताना थांबावं लागायचं. अंगात रक्त कमी आहे, वजन वाढलंय, दोन मुलांचं करायचं म्हणजे दमणारच, अशी उत्तरं मिळाली. छातीत मधूनच फडफड व्हायची, तिला ॲसिडिटीची गोळी मिळाली. एको दोनदा झाला, दोन्ही वेळा डावी बाजू उत्तम. मला डॉक्टरांवर राग धरायचा नाही. मुळात फॅलोच्या पूर्ण दुरुस्तीची पहिली शस्त्रक्रिया सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात १९५४ साली केली. आपल्याकडे सामान्य घरातल्या मुलांपर्यंत ती पोहोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. अशी ऑपरेशनं होऊन तिशी-चाळिशीला आलेली माणसं बघायची आपल्या शहरांतल्या दवाखान्यांना अजून सवय नाही. छातीवरचा उभा व्रण दिसला की "बायपास झालीय का?" हाच प्रश्न येतो.

मग सोलापुरातल्याच एका फिजिशियनांनी वेगळा प्रश्न विचारला : "ऑपरेशनचा जुना कागद आहे का?" आईने ट्रंकेतून, रेशन कार्डाच्या खालून, पिवळा पडलेला डिस्चार्ज कागद काढला. त्यात 'ट्रान्सॅन्युलर पॅच' हे शब्द होते. झडप ओलांडून लावलेलं ठिगळ ते हेच. डॉक्टरांनी तो वाचला आणि लगेच पुण्याला हृदयाच्या एमआरआयसाठी चिठ्ठी दिली. उजवा कप्पा किती फुगला आहे, हे मिलिलिटरमध्ये मोजून सांगायला सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे हा आकडा १५०-१६० मिलिलिटरच्या पुढे गेला, की नवी झडप बसवण्याचा विचार सुरू होतो, कारण फार उशीर झाल्यावर झडप बदलली तरी कप्पा मूळ आकाराला येत नाही. माझा आकडा त्या रेषेच्या पलीकडे होता. झडप बसवली. कप्पा आटला, पण पुरता नाही. जिना मी आता न थांबता चढते.

म्हणून आधी तो कागद शोधा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, जुना एको, जे असेल ते. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांकडे ठेवा. कागद हरवला असेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला नाव, वडिलांचं नाव आणि साल लिहून पत्र पाठवा. आणि दोषाचं खरं नाव पाठ करा. 'हृदयाला छिद्र होतं' एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. खालच्या कप्प्यांमधलं साधं छिद्र लहानपणी पूर्ण बंद झालेलं माणूस बहुधा ठणठणीत आयुष्य काढतं, त्याने घाबरायचं कारण नाही. महारोहिणीची अरुंद जागा दुरुस्त केलेल्यांनी मात्र रक्तदाब जन्मभर मोजत राहायचा. ज्यांचा एकच खालचा कप्पा कामाचा आहे आणि फॉन्टान ऑपरेशन झालं आहे, त्यांनी हृदयाइतकीच यकृताचीही तपासणी करायची असते. प्रत्येकाची वाट वेगळी. आणखी एक बारीक गोष्ट : पूर्ण दुरुस्तीच्या आधी ज्यांचं शंटचं, म्हणजे फुप्फुसाकडे रक्ताची तात्पुरती वाट काढण्याचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या काहींच्या एका हाताची रोहिणी त्यात वापरलेली असते. त्या हाताचा रक्तदाब कमीच दिसतो. नर्सला दुसरा हात पुढे करा आणि कारण सांगा.

एको करताना थेट विचारा : उजव्या कप्प्याचा आकार काय, त्याची ताकद काय, फुप्फुसाच्या झडपेची गळती किती? रिपोर्टात हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. ईसीजीवर 'आरबीबीबी', म्हणजे उजव्या बाजूच्या विद्युतवाटेतला अडथळा, दिसलं म्हणून हादरू नका, ते फॅलोच्या ऑपरेशननंतर जवळपास सगळ्यांनाच असतं. पण त्याच कागदावर क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या विद्युतलहरीची, रुंदी असते. ती दरवर्षी लिहून ठेवा. ती १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर ठोके बिघडण्याचा धोका वाढलेला असतो. फडफड, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यांतलं काहीही झालं, तर ॲसिडिटीच्या गोळीवर थांबू नका, दिवसभराचे ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावून घ्या. "मला दम लागत नाही," या स्वतःच्या म्हणण्यावरही फार विसंबू नका. आम्ही जन्मापासून जपून चालायला शिकलेलो असतो. खरी ताकद ट्रेडमिलवर मोजल्यावरच कळते.

मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांपेक्षा मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आमचं हृदय जास्त ठाऊक असतं. पुण्यामुंबईला, हैदराबादला, बेंगळुरूला असे डॉक्टर भेटतात. बाहेरच्या बाकावर तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये चाळिशीचं माणूस बसलेलं दिसतं, त्यात संकोच करू नये.

आमच्या भागात विड्या वळणाऱ्या कित्येक जणी मिश्री लावतात. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं त्यांच्या मुलींना आहे. किडलेल्या दातातून, सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात उतरतात आणि ठिगळावर, झडपेवर घर करतात. दात रोज घासा, वर्षातून एकदा दाखवा. कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, हे दातांच्या डॉक्टरांना आपणच सांगायचं. आणि ताप आठवडाभर हटला नाही, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करून घ्या. एकदा गोळ्या सुरू झाल्या की जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.

लग्न जमवताना व्रण लपवू नका. माझ्या आईने बैठकीतच सांगितलं होतं. एक स्थळ त्यावरून मोडलं, दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि होकार दिला. व्रण लपवलेल्या मुलीला सासरी गेल्यावर तपासणीला जायला निमित्त शोधावं लागतं आणि मग ती जातच नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ते सगळं याच हृदयाने पेलायचं असतं. फॅलोच्या बहुतेक मुलींची बाळंतपणं सुखरूप होतात, पण झडपेची गळती दिवस राहण्याआधी मोजलेली असावी. बाळाच्या हृदयाचा एको पोटातच, साधारण १८ ते २२ आठवड्यांत, करून घ्यावा.

पैशाचं म्हणाल, तर राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं सोलापूर होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. गाडीभाडं खर्च करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा आणि आपली तपासणी, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, ते विचारा. शाळेत तपासणीला येणारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी फक्त १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. त्या वाढदिवसानंतर कुणी शोधत येत नाही. तोवर फाइल आईच्या ट्रंकेत न ठेवता मुलाच्या हाती द्या. दोषाचं नाव, ऑपरेशनचं साल, ठिगळ कुठे आहे आणि पुढची तपासणी कुठल्या महिन्यात, हे त्याला न अडखळता सांगता येतं का, ते तोंडी विचारून पाहा.