डीझेल एंजिन सुरू होईना तेव्हां

गव्हास पहिलें पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनीं मिळावें लागतें. त्या सुमारास मुकुटमुळें फुटतात. ती वेळ चुकली म्हणजे पुढें कितीही पाणी दिलें तरी फुटव्यांची तूट पुरती भरून निघत नाहीं. नेमक्या ह्याच दिवसांत, थंडीच्या सकाळीं, सारा पावसाळा झांकून ठेवलेलें डीझेल एंजिन हँडल मारून मारून दमलें तरी सुरू होत नाहीं, असा अनुभव पुष्कळ बागाइतदारांस येतो. विहिरीवर विजेचा पंप असला तरी रोहित्र जळालें कीं ह्या जुन्या एंजिनाचीच आठवण होते. मग मिस्त्रीची वाट पाहण्यांत दिवस जातात. किंवा घरचाच एखादा उत्साही मुलगा पाना घेऊन दिसेल तो नट सैल करूं लागतो, आणि एका दोषाचे तीन दोष होतात. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं केवळ हातानें, कानानें व डोळ्यांनीं दोष कसा ओळखावा, तें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन एंजिनिअराचें एंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चाललें. त्यांतील मुख्य युक्ति अशी कीं, तेल पेटविण्यास ठिणगी लागत नाहीं. नळकांड्यांतील हवा दट्ट्यानें दाबून मूळच्या १६ व्या ते १८ व्या हिश्शाइतकी केली म्हणजे ती ५०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापते. तींत तेलाचा बारीक फवारा ऐन वेळीं सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. तेव्हां दोष बहुधा दोनच ठिकाणीं शोधावयाचा. एक तर हवा पुरेशी दाबली जात नाहीं, नाहीं तर तेल फवाऱ्याच्या रूपानें पोंचत नाहीं.

प्रथम धूर पाहावा. हँडल वेगानें फिरवून डीकॉम्प्रेशनचा दांडा सोडल्यावर धुराची रेघही निघाली नाहीं, तर तेल येत नाहीं असें समजावें. बंद करण्याचा दांडा बंदच्या जागीं राहिला आहे काय, व टांकीची तोटी उघडली आहे काय, हें ह्या वेळीं आधीं पाहावें. एवढ्यासाठीं मिस्त्रीस मजुरी देणारे लोक थोडे नाहींत. पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येत असेल तर तेल येतें पण पेटत नाहीं. दोष हवेच्या दाबांत, थंडींत, अगर तेलांत शिरलेल्या पाण्यांत असावा. काळा धूर आला तर तेल जळतें पण त्यास हवा पुरत नाहीं. अशा वेळीं हवेचा फिल्टर व सायलेन्सर पाहावा. बंद एंजिनाच्या नळींत कुंभारीण माशी मातीचें घर करते, आणि तें बाहेरून दिसत नाहीं.

हवेचा दाब पाहण्याची रीत अगदीं सोपी आहे. तेल बंद करावें. दांडा उचलून हँडल फिरवावें. तें हलकें फिरलें पाहिजे. जड जात असेल तर पट्टा उतरवून पुन्हां पाहावें, म्हणजे दोष एंजिनाचा कीं पंपाचा हें कळतें. नंतर दांडा सोडून हँडल सावकाश फिरवीत दाबाच्या जागेपर्यंत आणावें. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. हँडलनें उलट झटका दिला असतां वेढलेल्या अंगठ्यामुळें मनगट मोडतें. चांगल्या एंजिनांत येथें कमानीसारखा विरोध लागतो व हँडल मागें रेटलें जातें. विरोध न लागतां तें सहज पार झालें तर दाब गळतो आहे. तो कोठून गळतो हें सांगण्यास कान पुरे. सुस्कारा हवेच्या फिल्टरांत ऐकूं आला तर आंत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरांत आला तर बाहेर टाकणारा, आणि ऑइल भरण्याच्या तोंडाशीं आला तर रिंगा. थंड करण्याच्या पाण्यांत बुडबुडे उठले तर हेडचें गॅस्केट. बंद राहिलेल्या एंजिनांत व्हॉल्व्ह गंजून अडकणें व रिंगा चिकटणें हे दोष फार आढळतात, आणि त्यांस नवीन भाग लागतोच असें नाहीं. पुष्कळदां साफ करून भागतें.

दाब चांगला असेल तर तेलाकडे वळावें. आतां तेल पुन्हां सुरू करून व दांडा उचलून हँडल फिरवावें. नोझलपाशीं प्रत्येक वेळीं तुटक कर्र असा आवाज आला पाहिजे. तो नसेल तर बहुधा नळींत हवा शिरलेली असते, विशेषतः टांकी एकदां कोरडी पडली असल्यास. फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत तें वाहूं द्यावें, मग पंपावरील स्क्रू, व शेवटीं नोझलकडील नळीचा नट, हा क्रम सोडूं नये. टांकीच्या तळचें तेल कांचेच्या पेल्यांत धरून पाहिलें तर खालीं बसलेलें पाणी डोळ्यांस दिसतें. नोझल बाहेर काढून फवारा पाहण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु त्या धारेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या घरांत असतो, व ती हाताच्या कातडींतून आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसते, पण बोट गमवावें लागतें. असें झाल्यास त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

केवळ थंडीचा दोष असेल तर पाण्याच्या एंजिनांत कोमट पाणी ओतून थोडा वेळ थांबावें. उकळतें ओतूं नये. थंड बीड तडकतें. पेटता बोळा हवेच्या तोंडाशीं धरण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

पंपाखालच्या पत्र्यांस मात्र हात लावूं नये. कालपर्यंत नीट चाललेल्या एंजिनाची तेल सोडण्याची वेळ आज आपोआप बदलत नसते. दाब चांगला, तेल स्वच्छ, हवा काढलेली, आणि तरीही पांढरा धूर येतो, असें ठरल्यास संशय नोझलवर घ्यावा. त्यासाठीं सबंध एंजिन गाडींत घालून तालुक्यास नेण्याचें कारण नाहीं. नोझल तेवढें स्वच्छ फडक्यांत गुंडाळून तपासणीच्या यंत्रावर न्यावें, व उघड्या राहिलेल्या भोंकांत कापडाचा बोळा बसवावा.