श्री मंगळाई आणि किल्ले अजिंक्यतारा

सातारा शहराच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्यावर श्री मंगळाईच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुरुजाचे स्मरण अवश्य करावे. गडाच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रसंग त्याच्याशी निगडित आहे.

हा दुर्ग शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे मानले जाते. बहमनी राजवटीनंतर तो आदिलशाहीकडे आला. विजापूरच्या चांदबिबीस येथेच कैदेत ठेवले होते. सन १६७३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी गड स्वराज्यात आणला. पुढे राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानीचा मान दिला आणि डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेबाने गडास वेढा घातला.

किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड लढविला. अखेर १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखालील सुरुंगांस बत्ती दिली. पहिल्या स्फोटाने दगडांचा ढीग आत कोसळला व त्याखाली प्रयागजी गाडले गेले. परंतु त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. हा प्रसंग देवीच्या देवळालगत घडला, अशी नोंद ग्रँट डफ याने केली आहे. तो त्या देवीस भवानी म्हणतो. तथापि उडालेला बुरूज मंगळाईचा म्हणून प्रसिद्ध असल्याने ते स्थान हेच असावे. गडकऱ्यांनी तो शुभशकुन मानला. दुसऱ्या स्फोटाने बुरूज बाहेरच्या बाजूस, हल्ल्यासाठी सज्ज असलेल्या मोगल फौजेवरच ढासळला आणि सुमारे दोन हजार माणसे दगावली.

तरीही गड राखता आला नाही. राजाराम महाराज मार्चमध्येच निवर्तले होते, गडावरील दाणागोटाही सरत आला होता. २१ एप्रिल रोजी गड मोगलांच्या स्वाधीन झाला व शहजाद्याच्या नावावरून 'आझमतारा' म्हणविला गेला. महाराणी ताराबाईंच्या कारकिर्दीत मराठ्यांनी तो परत घेतला आणि 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले. एकदा गेलेल्या गडास हे नाव देण्यात केवढा निर्धार असेल!

सन १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. पुढे त्यांनी गडाच्या पायथ्याशी शाहूनगर वसविले. तटावरून खाली दिसणाऱ्या आजच्या शहराचा विस्तार त्यातूनच झाला आहे.