ताण जिथे, आधार तिथे

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना वाटेत मूल लागतं. तिथे माझं शिलाईचं दुकान आहे. शेतकरी, वनमजूर, शाळकरी पोरं आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकवाली मंडळी, अशी गिऱ्हाइकं. मशीनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी लिहितो.

1. आधी पाणी, मग कात्री. जवळचं सावली हे खादीचं जुनं केंद्र. कोरी खादी पहिल्या धुण्यात आटते, कॉलरच्या आत घालायचं सुती बकरमही आटतं. दोन्ही कमीजास्त आटली की कॉलरला सुरकुत्या पडतात आणि कितीही इस्त्री फिरवा, त्या जात नाहीत. दोन्ही रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापावी.

2. उभा धागा सांभाळा. कापड उभ्या धाग्यात सर्वांत कमी ताणतं, उरेबात, म्हणजे तिरकं, सर्वांत जास्त. बटणपट्टी आणि कमरपट्टी उभ्या धाग्यातच काढावी. गळा आणि मुंढा गोल, म्हणून त्यांचा काही भाग उरेबात येतोच. कापल्याबरोबर काठापासून दोन सूत आत एकेरी टीप मारून ठेवावी. नाहीतर बाही लावेपर्यंत नुसत्या हाताळण्याने गळा फाकतो.

3. माप घेताना काम विचारा. मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी माणसं झुडपांवर वाकलेली असतात, पावसाळ्यात रोवणीला बाया चिखलात वाकतात. शर्ट पाठीत उसवतो तो यामुळेच. खांद्याच्या पट्टीखाली दोन चुण्या सोडल्या की पाठ मोकळी होते. बांबू तोडणाऱ्याचा हात वर जातो, त्याची काख फाटते. तिथे दुहेरी टीप मारली तर टीप टिकते आणि शेजारचं कापड फाटतं. त्यापेक्षा चौबगला बसवावा. हा चौकोनी तुकडा हात उचलला की उघडतो.

4. कडक म्हणजे मजबूत नव्हे. 'कालर कडक पायजे' असं सगळेच म्हणतात. पण चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर गेला की पेस्टिंगचं, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं, बकरम अंगाला भाजतं. ते कॉलर, कफ आणि बटणपट्टीपुरतंच ठेवावं. कॉलरच्या टोकाशी बकरमची माया (शिवणीबाहेरची कड) छाटून टाकावी, म्हणजे टोक जाड न होता नीट उलटतं.

5. कोशाला गोंद नको. आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. त्या कोशाच्या कापडाचा धागा शिलाईजवळ सरकतो. म्हणून माया एरवीपेक्षा जास्त सोडावी आणि कडा दुमडून शिवाव्यात. आधाराला पेस्टिंगऐवजी भिजवून घेतलेल्या मलमलचं अस्तर हाताने टाचावं. वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री करावी.

6. आकाराचं निम्मं काम इस्त्रीचं. ब्लाउजचा टक्स टोकाकडे निमुळता होत संपला पाहिजे. टोकाला मशीन मागेपुढे चालवली की तिथे गाठोडं दिसतं; धागे लांब सोडून हाताने गाठ मारावी. मग कापडाची घट्ट गुंडाळी खाली घेऊन त्यावर इस्त्री फिरवावी. सपाट पाटावर इस्त्री केली तर टक्सने आणलेली गोलाई मोडते.

7. विणलेलं कापड खांद्यावरून लोंबतं. खेळाच्या टी-शर्टच्या खांद्याच्या शिवणीत अरुंद सुती फीत घालावी. स्वेटरचंही तसंच. अंग 10 नंबरच्या सुयांवर विणलं, तर कमरेची आणि मनगटाची पट्टी 12 नंबरच्या बारीक सुयांवर घ्यावी, म्हणजे ती अंगाला धरून राहते. गळ्याचे टाके मात्र सैल हाताने बंद करावेत, नाहीतर डोकं आत जात नाही.

8. नाटकाच्या कपड्याला घाई सोसली पाहिजे. वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळींचे प्रयोग रात्रभर चालतात आणि दोन प्रवेशांमध्ये कपडे भराभर बदलावे लागतात. हूक कापडावर नुसता टाचला तर ओढीने कापडासकट येतो. मागून छोटा तुकडा लावून मगच टाचावा. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांना त्रिकोणी टीप मारावी. कोटाच्या बाजूंना दीड इंच माया ठेवावी, कारण तोच कोट पुढच्या हंगामात दुसऱ्या नटाच्या अंगावर चढतो.