भाग वेगवेगळे, तरी पिस्तूल अस्सल

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. दुसऱ्या महायुद्धातले एम १९११ ए १ पिस्तूल घेतले. स्लाइड कोल्टची, पण क्रमांकावरून फ्रेम रेमिंग्टन रँडची निघाली. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. युद्धानंतर लष्करी शस्त्रागारांत पिस्तुले सुटी करून तपासत, झिजलेले भाग बदलत आणि हाताशी येतील ते भाग जोडत. भाग एकाच कंपनीचे असावेत, अशी अट नव्हती. वरून पार्करायझिंगचा करडा, खरबरीत थर देत. अशी दुरुस्ती करणाऱ्या शस्त्रागाराचा शिक्का फ्रेमवर भिंगाने पाहा: 'एए' म्हणजे ऑगस्टा, 'आरआयए' म्हणजे रॉक आयलंड शस्त्रागार. जुळणीसाठी स्लाइड बदलू नका, नवे पॉलिशही नको. ही दुरुस्ती त्या पिस्तुलाच्या सेवेचाच इतिहास आहे, तो जपा.