शिफारसपत्र : वशिला नव्हे, साक्ष
(परदेशी निवासी वैद्यकीय प्रशिक्षणासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता व त्यांच्या पालकांकरिता)

आपल्याकडे कोणाच्या मुलाने वा मुलीने बाहेरगावी अर्ज केला की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न हाच करतात, की "तिथे आपल्या ओळखीचे कोण आहे?" या प्रश्नात वाईट हेतू नसतो. किरनापुरासारख्या तालुक्याच्या गावी ओळख हेच पुष्कळदा माणसाचे भांडवल असते. गोंदियाला वा नागपूरला दवाखान्यात जायचे झाले तरी आपण आधी कोणी पाहुणा आठवतो. म्हणून वैद्यकीच्या पुढील शिक्षणासाठी "शिफारसपत्रे जोडावीत" असे वाचताच पालकांना आमदार, खासदार, एखादे मोठे अधिकारी किंवा आपल्या न्यासाचे अध्यक्ष आठवतात. हा समज दूर करणे, आणि जे पत्र खरोखर उपयोगी पडते ते कसे मिळवावे हे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पत्र कोठे लागते?

प्रथम हे स्पष्ट असावे, की भारतात एम.बी.बी.एस. व एक वर्षाची इंटर्नशिप संपवून एम.डी. किंवा एम.एस. ला प्रवेश घेताना शिफारसपत्र लागत नाही. तेथे नीट-पीजी परीक्षेतील गुणानुक्रम, आरक्षण व समुपदेशनाच्या फेऱ्या यांवर सर्व ठरते. आपली मुले नागपूर, जबलपूर, सेवाग्राम वा गोंदिया यांपैकी कोठेही शिकत असोत, देशातच पुढे शिकणाऱ्यांनी पत्रांची चिंता करण्याचे कारण नाही.

अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे पदवीनंतरच्या प्रशिक्षणास रेसिडेन्सी म्हणतात. अंतर्गत वैद्यक किंवा बालरोग या शाखांत ती तीन वर्षांची, तर सामान्य शस्त्रक्रियेत पाच वर्षांची असते. परदेशी पदवीधराला प्रशिक्षण सुरू करण्याआधी ई.सी.एफ.एम.जी. या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ही संस्था १९५६ साली स्थापन झाली. निवडीसाठी अर्ज, मुलाखती, आणि शेवटी उमेदवार व रुग्णालये यांनी एकमेकांना दिलेल्या पसंतिक्रमांची जुळणी होते. या जुळणीला 'मॅच' म्हणतात. ती १९५२ पासून चालू आहे व तिचा निकाल मार्च महिन्यात लागतो.

या अर्जात परीक्षेचे निकाल असतात, स्वतःविषयीचे निवेदन असते, महाविद्यालयाचा अहवाल असतो आणि शिफारसपत्रे असतात. २६ जानेवारी २०२२ पासून यू.एस.एम.एल.ई. परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले असून आता तेथे केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच कळते. साहजिकच निवड करणाऱ्याला उमेदवार पारखण्यासाठी अर्जातील इतर कागद अधिक बारकाईने वाचावे लागतात. त्यातही पत्रालाच एक काम करता येते. हा मुलगा रोग्याजवळ उभा राहिला म्हणजे कसा वागतो, हे कोणत्याही गुणपत्रिकेला सांगता येत नाही.

आनंदीबाईंचे उदाहरण

अमेरिकेत वैद्यकी शिकावयास गेलेली आपली पहिली स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. तिची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, पण पत्रांच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्याचे ते दुःख तिच्या पुढील निश्चयाचे मूळ ठरले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांनी १८८० मध्ये वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर पूर्वी कोल्हापूरला राहून गेलेले होते, म्हणजे आजच्या भाषेत "आपल्या ओळखीचे" होते. त्या ओळखीतून काय निष्पन्न झाले? साहाय्याऐवजी धर्मांतराचा सल्ला मिळाला, आणि तो पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापला.

तो छापील मजकूर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस पडला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांनी तो वाचला. त्यांची आनंदीबाईंशी ओळखपाळख नव्हती. त्यांनी स्वतः होऊन पत्र लिहिले. पुढे दोघींमध्ये पत्रे जात-येत राहिली, आणि जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई या मुलीला तिच्या विचारांवरून, स्वभावावरून, प्रश्नांवरून चांगल्या जाणत होत्या. वाइल्डर यांना नाव ठाऊक होते. कार्पेंटरबाईंना माणूस ठाऊक होता. परक्या देशात आनंदीबाईंना घर मिळाले ते कार्पेंटरबाईंकडे.

त्याच महिन्यात आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्जाचे पत्र लिहिले. त्यात कोणा बड्या माणसाच्या नावाचा आधार घेतलेला नाही. पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देण्यासाठी मी आले आहे, आणि स्वकीयांचा व जातीचा विरोध सोसून इथवर आणणारा निश्चय मला पुढेही नेईल, अशा आशयाचे ते पत्र आहे. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी तिला प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी ती एम.डी. झाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर तिची नेमणूक केली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास तिचे निधन झाले.

या हकीकतीचे तात्पर्य आपल्या विषयापुरते एवढेच, की नुसती ओळख निकामी ठरली आणि ज्याने जाणून घेतले त्याचाच आधार झाला.

पत्र कोणाकडून घ्यावे?

ज्याने तुम्हाला काम करताना पाहिले त्याच्याकडून. विभागप्रमुखांचे नाव मोठे असेल, पण त्यांनी तुम्हाला राउंडच्या गर्दीत दोनदाच पाहिले असेल, तर त्यांच्या पत्रात लिहिण्यासारखे काही असणार नाही. त्याच युनिटातील सहयोगी प्राध्यापकांनी तुम्हाला तीन महिने रात्रपाळीत पाहिले असेल तर त्यांचे पत्र घ्यावे. ज्या शाखेसाठी अर्ज आहे त्या शाखेतील डॉक्टरांची पत्रे अधिक असावीत. अर्जाच्या ईरास या व्यवस्थेत एका प्रशिक्षणक्रमाला जास्तीत जास्त चार पत्रे लावता येतात. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रासारख्या काही शाखांनी अलीकडे आपली वेगळी व्यवस्था केली आहे, म्हणून प्रत्येकाने आपल्या शाखेचे त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत.

अमेरिकेतील रुग्णालयात काम करून मिळवलेले पत्र तेथे अधिक मोलाचे मानतात, कारण तेथील डॉक्टर तेथील कामाच्या मापाने मोजतो. पण येथेही सावध असावे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'इलेक्टिव्ह'मध्ये रोग्याला तपासण्याची संधी मिळते, तर 'ऑब्झर्व्हरशिप'मध्ये केवळ मागे उभे राहून पाहावयाचे असते. ज्याने तुम्हाला पाहत उभे असलेलेच पाहिले, तो तुमच्या कामाची साक्ष कशी देणार? पैसे घेऊन पत्र मिळवून देतो म्हणणारे मध्यस्थही असतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. घरची शेती गहाण टाकून असे कागद विकत घेणे म्हणजे पैसा आणि अब्रू दोन्ही घालवणे होय.

पत्र कसे मागावे?

१. नेमणूक संपत आली, तुमचे काम शिक्षकांच्या ताज्या आठवणीत आहे, तेव्हाच मागावे. दोन वर्षांनी फोन करून "सर, मी अमुक बॅचचा" अशी ओळख करून द्यावी लागली तर उशीर झाला असे समजावे.

२. "पत्र द्याल का?" असे न विचारता "माझे काम पाहून आपल्याला माझ्याविषयी मनापासून चांगले लिहिता येईल का?" असे विचारावे. शिक्षक अडखळले तर आभार मानून दुसरीकडे जावे. कोमट पत्रापेक्षा नकार बरा.

३. शिक्षकांना निदान महिनाभराचा अवधी द्यावा. रुग्णालये सप्टेंबरअखेर अर्ज पाहू लागतात. त्याच्या आत पत्र पोहोचले पाहिजे.

४. सोबत एका पानावर आपल्या नेमणुकीच्या तारखा, केलेली कामे, लक्षात राहिलेले दोन-तीन रोगी (नावे न देता), आणि शाखा निवडण्याचे कारण लिहून द्यावे.

५. पत्र शिक्षकांनीच थेट अर्जव्यवस्थेत चढवावयाचे असते. विद्यार्थ्याला ते स्वतः चढवता येत नाही. पत्र पाहण्याचा हक्क सोडतो असे अर्जात लिहून देण्याची सोय आहे, आणि तो हक्क सोडावा हेच श्रेयस्कर. उमेदवाराने आधी वाचलेल्या साक्षीवर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

आपल्याकडील महाविद्यालयांतून हे वाक्य बऱ्याच विद्यार्थ्यांच्या कानी पडते. शिक्षकांना वेळ नसतो हे खरे. पण एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे तीन सह्यांनी गेली, की वाचणाऱ्याच्या ते ध्यानात येते. तीच विशेषणे, तीच वाक्यरचना, तेच "अत्यंत मेहनती व होतकरू". मग अर्जातील खऱ्या गोष्टींवरही शंका येते. अशा वेळी नम्रपणे सांगावे, की "सर, मी मुद्दे लिहून आणतो; आपण दहा मिनिटे द्या, मी ते आपल्यासमोर वाचतो." मुद्दे ऐकताना शिक्षकांना रोगी आठवतो, प्रसंग आठवतो, आणि पत्र त्यांच्या शब्दांत उतरते.

दोन नमुने पाहावेत. ते केवळ समजण्यासाठी रचलेले आहेत.

पहिला : "हा विद्यार्थी हुशार, वक्तशीर व सुस्वभावी आहे. मी त्याच्या उज्ज्वल भवितव्याची कामना करतो."

दुसरा : "पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन एका मुलाला आणले होते. अंगावर दंशाची खूण नव्हती. या इंटर्नने मुलाच्या पापण्या जड होत असल्याचे पाहिले, मूल रात्री जमिनीवर झोपले होते काय असे आईला तिच्या बोलीत विचारले, आणि मण्यारच्या दंशाची शंका घेऊन मला ताबडतोब उठवले. श्वास मंदावण्यापूर्वी उपचार सुरू झाले. सुरुवातीला त्याच्या नोंदी त्रोटक असत. दोनदा सांगितल्यावर त्याने त्या सुधारल्या."

पहिल्या पत्रातील नाव बदलून ते कोणालाही देता येईल. दुसरे एकाच माणसाचे आहे. त्यात एक उणीवही सांगितली आहे, आणि तिच्यामुळे बाकीची स्तुती खरी वाटते. ज्या मुलाने आपल्या भागातील साप, हिवताप, सिकलसेल पाहिले आहेत, ज्याला आईशी तिच्या बोलीत बोलता येते, त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मोठ्या शहरात न वाढल्याचा न्यूनगंड त्याने बाळगू नये.

न्यासाचे काम कोणते?

न्यासाच्या कार्यकर्त्यांकडेही अशी पत्रे मागितली जातात, आणि आपल्या मुलाला नाही म्हणणे जड जाते. तेव्हा एक नियम पाळावा : जे पाहिले तेवढेच लिहावे. विद्यार्थ्याला कोणत्या वर्षी शिष्यवृत्ती दिली, त्याने आरोग्य शिबिरात किती दिवस काय काम केले, हे न्यास खात्रीने सांगू शकतो. "तो निष्णात वैद्य होईल" हे सांगण्याचा अधिकार न्यासाला नाही. असे पत्र रेसिडेन्सीच्या अर्जात डॉक्टरांच्या पत्राची जागा घेऊ शकत नाही. पण शिष्यवृत्ती किंवा कर्ज मागताना त्याचा उपयोग होतो. याउलट आपल्या समाजात जे डॉक्टर झाले आहेत त्यांनी महाविद्यालयात गेलेल्या मुलांना पहिल्याच वर्षी एवढे समजावून सांगितले, तर शंभर पत्रांचे काम होईल.

शेवटी पालकांना एक विनंती. खोट्या पत्राने जागा मिळाली असे क्षणभर धरू. पुढे त्या जागेवर रात्री दोन वाजता एखादा रोगी येणार आहे. त्याने पत्र वाचलेले नसते. पत्रात लिहिलेले खरे असेल एवढ्याच भरवशावर तो आपला जीव त्या डॉक्टरच्या हाती देतो. आपल्या घरचा माणूस उद्या कोणा अनोळखी डॉक्टरपुढे निजलेला असेल, तेव्हा त्या डॉक्टरविषयी कोणी तरी खरे लिहिलेले असावे अशीच आपली इच्छा असणार.

म्हणून विद्यार्थ्यांनी पत्राची तयारी अर्जाच्या वर्षी न करता पहिल्या वॉर्डापासून करावी. वेळेवर जावे, रोग्याचे पुरते ऐकावे, न कळले तर विचारावे, चुकले तर सांगावे. हे पाहणारा एक तरी शिक्षक प्रत्येक ठिकाणी असतो. न्यासाच्या या महोत्सवी वर्षी वैद्यकीच्या वाटेवर असलेल्या आपल्या सर्व मुलामुलींना असा शिक्षक भेटो, अशी शुभेच्छा.