घरखरेदीपूर्वी ओल व बुरशीची पाहणी

वैशाखात पाहून पसंत केलेले घर आषाढात निराळेच भासते. कोकण किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे २५०० ते ३५०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शिक्षक व नोकरदार मंडळी मात्र घरे पाहावयास जातात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या वेळी भिंत कोरडी असते, वर ताजा रंग दिलेला असतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम गुंतविणाऱ्याची फसगत होते ती येथेच. शक्य असल्यास एक पाहणी भर पावसात करावी. निदान पावसाळा सरताच करावी.

बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. ते समूळ नाहीसे करता येत नाहीत. त्यांना मिळणारे पाणी मात्र तोडता येते. म्हणून काळे डाग दिसताच ते पुसण्यापेक्षा पाणी कोठून येते, हे प्रथम शोधले पाहिजे. जोत्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत गिलावा फुगला असेल, लोणा लागून पांढरी भुकटी सुटत असेल, तर ओल जमिनीतून चढत आहे असे समजावे. जोत्यातील ओलरोधक थर नसल्याचे किंवा निकामी झाल्याचे ते लक्षण होय. जांभ्याच्या जुन्या घरांत हे विशेष आढळते, कारण तो दगडच सच्छिद्र. छताखाली पडलेले डाग गच्चीतील भेगांकडे किंवा फुटलेल्या कौलांकडे बोट दाखवितात. न्हाणीघराच्या पाठीमागील भिंत मात्र उन्हाळ्यातही ओली राहत असेल, तर दोष पावसाचा नसून नळाचा.

कित्येकदा ओल भिंतीतील नसतेच. कोंदट खोलीतील बाष्प थंड भिंतीवर साचते. हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीस घट्ट चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडील बाजूस जमल्यास दोष वायुवीजनाचा. मागील बाजूस जमल्यास भिंतीचा. कपाटे सरकवून मागे पाहण्यासही संकोच करू नये. घरमालकास ते रुचत नाही, हे खरे. पण कुबट वास बहुधा तेथूनच येत असतो.

उपायांत सर्वाधिक चूक होते ती घाईने. ओल्या भिंतीवर रंग चढविल्यास पाणी आतच कोंडते व पुढील पावसाळ्यात पोपडे निघतात. पाण्याचा उगम बंद केल्यावर लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर हातभर खरवडून काढावा आणि भिंत सुकू द्यावी. जाडीच्या दर २५ मिलीमीटरला सुमारे एक महिना, असा ढोबळ अडाखा आहे. फरशी, लाकूड यांवरील बुरशी साबणाच्या पाण्याने पुसावी. ती कोरडी झटकू नये, कारण बीजकण उडून श्वासावाटे जातात. घरात दमेकरी वा तान्हे मूल असल्यास त्यांना त्या वेळी दूर ठेवणे आवश्यक आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने कायद्याचा आधार ध्यानी ठेवावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात अन्यथा ठरले नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला परंतु साधारण दक्षतेने खरेदीदाराच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ओलीस हे संरक्षण पुरेलच असे नाही. नव्या इमारतीसाठी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १४ आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. जुन्या घराच्या बाबतीत दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून लेखी घ्यावा आणि तो खर्च किमतीतून वजा करावयाचा की विक्रेत्याने आधी दुरुस्ती करावयाची, हे विसार देण्यापूर्वीच साठेखतात नमूद करून घ्यावे.