गोड्या पाण्याची किंमत

मुलांनो, आपल्या मॉरिशसच्या चारही बाजूंना समुद्र आहे. तरीही पाऊस कमी झाला, की तलावांतील पाणी खाली जाते आणि नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. मग तुम्ही विचारता, "एवढा मोठा समुद्र असताना पाण्याची टंचाई का?"

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी प्यायल्याने तहान भागत नाही, उलट वाढते. कापडाने गाळले तरी मीठ निघत नाही; कारण ते पाण्यात विरघळलेले असते.

आपल्याच देशातील रॉड्रिग्ज बेट पाहा. तेथील नद्या लहान आहेत. म्हणून तेथे खारे पाणी गोडे करण्याची केंद्रे उभारली आहेत. अशा केंद्रात पंप समुद्राचे पाणी मोठ्या दाबाने एका खास पडद्यावर ढकलतात. पडद्यातून गोडे पाणी पार होते, मीठ मागे राहते.

समुद्राचे पाणी फुकट मिळते. मग खर्च कशाचा? सर्वांत मोठा खर्च विजेचा! १००० लिटर गोडे पाणी करायला चांगल्या यंत्रालाही सुमारे ३ ते ४ युनिट वीज लागते. ४ युनिट विजेवर १० वॅटचा दिवा ४०० तास जळेल. म्हणजे रात्रंदिवस सोळा दिवसांहून अधिक! रॉड्रिग्जमध्ये बरीचशी वीज जहाजाने आणलेल्या तेलावर तयार होते. शिवाय मिठामुळे यंत्रे गंजतात. पडदे बदलावे लागतात. किनाऱ्यावरचे पाणी डोंगरावरच्या घरांपर्यंत चढवावे लागते. उरलेले अतिखारे पाणी समुद्रात सोडताना मासे व प्रवाळ यांनाही जपावे लागते.

हेच काम सूर्य फुकट करतो. तो समुद्राच्या पाण्याची वाफ करतो, मीठ खाली राहते आणि ढगांतून गोडे पाणी पडते. म्हणून रॉड्रिग्जमधील लोक छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवतात.

मुलांनो, जेथे पाऊस पुरत नाही तेथे यंत्र हवेच. पण दात घासताना नळ उघडा ठेवू नका. वाया गेलेली प्रत्येक बादली पुन्हा भरायला कोणाला तरी पैसे मोजावे लागतात.

स्वाध्याय
१. समुद्राचे पाणी गाळून गोडे का होत नाही?
२. पाणी गोडे करण्यासाठी कोणकोणते खर्च येतात?
३. तुमच्या घरी एका दिवसात किती बादल्या पाणी लागते? मोजा व वहीत लिहा.